मागून येणारे ठोके

३ फेब्रुवारी, मंगळवार

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. हात टेबलाखाली ठेवून पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

मोठ्या साहेबांनी गटाच्या बैठकीत सांगूनच टाकलं — मेच्या परिषदेत जाहीर करायचं. आपल्याला कण सापडला! जगात कोणी न पाहिलेला. डोंगराच्या पोटात बोगदा, बोगद्यात आमचं यंत्र, यंत्रात मुठीएवढा स्फटिक, आणि तो इतका गार की त्याहून गार करायला जागाच उरलेली नाही. कण येऊन धडकला की स्फटिकात एक ठोका उमटतो. असे ठोके गेली तीन वर्षं येताहेत. बाहेरचे सगळे संशयित एकेक करून बाद झाले. उरला कोण? कण! असं साहेबांचं गणित.

म्हणजे दूध सांडलं. सासूबाईंनी नाही, नवऱ्याने नाही, मी नाही. मग भुताने सांडलं, आणि आता भूत जाहीर करायचं!

आम्ही काय करायचं बाकी ठेवलं होतं? पंपांना रबराचे जोडे घातले. वरच्या रस्त्यावरून ट्रक बंद करवले. पहारेकऱ्याला बूट काढून चालायला लावलं, बिचारा हिवाळाभर मोज्यांवर फिरला. ठोके चालूच. आणि दर वेळी कोणीतरी बोगद्यात जाऊन स्फटिक आणखी घट्ट बसवून यायचं, जरासुद्धा हलू नये म्हणून.

मी म्हटलं, अजून थोडं थांबू या. साहेब म्हणाले, "तुला कधी आनंद झालेला मी पाहिलाच नाही." सगळे हसले. मीही हसले. पण शोधनिबंधावर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि माझी सही अजून माझ्याकडेच आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

थंडवाल्याला विचारलं (यंत्र गार ठेवणं हे त्याचं काम, म्हणून थंडवाला, स्वभावही तसाच), तुला पटतंय का हे? म्हणाला, "मला गार ठेवायला ठेवलंय, पटवून घ्यायला नाही."

८ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या जावेकडे जेवायला गेलो होतो. जिन्याने एक मजला वर, एवढंच अंतर. ती भूकंपांचा अभ्यास करते. एका घरात दोघी शास्त्रज्ञ, पण इतक्या वर्षांत कामाबद्दल आमचं बोलणं म्हणजे "काय, बरं चाललंय?" "चाललंय." संपलं! सासूबाई म्हणतात, धाकटी जमीन हलते का ते बघत बसते, थोरली काहीच होत नाही ते बघत बसते, आणि दोघींना त्याचे पगार मिळतात.

त्यांनीच आज हट्ट धरला, तुझा तो कण वाजतो कसा ते तरी ऐकव. मी ठोक्यांचा आवाज करून फोनवर ठेवलाय, दिवसभराचे ठोके मिनिटा-दोन मिनिटांत ऐकू येतात. लावला. टक. टक. टक... टक. दीर जांभई देऊन उठून गेले. सासूबाई म्हणाल्या, नळ गळतोय.

धाकटी कांदा चिरत होती. तिचा हात थांबला.

"ताई, परत लावा."

लावलं. सुरी तशीच हातात. आणखी एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "दोन ठोके एकदाही चिकटून येत नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर हमखास शांतता. कोणीतरी पुसलंय हे."

मी म्हटलं, अगं, पुसलेलं नाही, चाळलेलं आहे. आणि शांतता तर चांगलीच की!

"जमिनीत अशी शांतता नसते," ती म्हणाली. "मागून येणारे कुठे गेले?"

राग आला मला. तीन वर्षं डोंगरात घालवली आम्ही, आणि ही कांदा चिरता चिरता सांगते पुसलंय म्हणून! चवीने जेवले नाही. आता घरी येऊन बसलेय आणि तेच डोक्यात घुमतंय — मागून येणारे कुठे गेले?

९ फेब्रुवारी, सोमवार

मागून येणारे कुठे गेले ते सापडलं. आम्हीच फेकले!

आमच्या चाळणीत एक जुना नियम आहे. एक ठोका आला की पुढच्या दहा मिनिटांत जो येईल तो बाद. का, तर खरा कण क्वचित येतो, पाठोपाठ दोन कधीच येत नाहीत. दुसरा आला तर तो तारांमधला प्रतिध्वनी समजायचा. नियम साहेबांनी तरुणपणी केलेला, दुसऱ्या यंत्रासाठी. त्या यंत्रात तारा खरंच घुमायच्या. तिथे नियम सोन्यासारखा. मग तो आमच्याकडे आला, आणि नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी तोच शिकवायचा. मी स्वतः कितीजणांना शिकवलाय! आमच्या तारा घुमतात का, हे कोणी तपासलं? कोणीच नाही.

आणि नीट बघितलं तर केवढा शहाणपणा — दुसरा फेकायचा, पण पहिला ठेवायचा! तोच कण म्हणून मोजायचा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

न चाळलेले ठोके काढले. प्रत्येक मोठ्या ठोक्यामागच्या पहिल्या दहा मिनिटांत नुसती झुंबड.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गटाबाहेर एक आकडाही जाऊ द्यायचा नाही असा आमचा नियम आहे. आज सगळेच्या सगळे आकडे जिना चढून वर गेले. मी नेले. लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर ततपप नको.

धाकटीने स्फटिक म्हणजे काय, कण म्हणजे काय, काही विचारलं नाही. ठोका कधी आला आणि केवढा होता, एवढंच दे म्हणाली. जेवणाचं टेबल मोकळं केलं. तिची पद्धत अगदी साधी. सगळे मोठे ठोके एकावर एक ठेवायचे, जणू एकाच वेळी आले, आणि त्यांच्यामागून पहिल्या मिनिटात किती आले, दुसऱ्यात किती, दहाव्यात किती, ते मोजायचं. मोठा धक्का, मागे भरपूर छोटे, मग विरळ, आणखी विरळ. तिच्या पडद्यावर एक तिरकी रेघ उमटली. मग तिने तिच्या कुठल्याशा डोंगरातला एक जुना भूकंप काढला आणि त्याची रेघ आमच्या रेघेवर ठेवली.

दोन रेघा दिसेचनात. एकच!

अख्खा डोंगर आणि माझा मुठीएवढा स्फटिक.

"तुमच्या स्फटिकाला कोणीतरी दाबून धरलंय, ताई," ती म्हणाली. "तो तडकतोय."

चिमटे! चार बाजूंनी चार चिमट्यांनी धरलाय तो. हलू नये म्हणून. ठोके आले की आम्ही घाबरून चिमटे पिळायचो, पिळले की आणखी बारीक भेगा, भेगा पडल्या की ठोके, ठोके आले की पुन्हा पीळ. आणि हिवाळाभर पहारेकऱ्याचे बूट काढून घेतले! काखेत कळसा नि गावाला वळसा. मी टेबलावर डोकं ठेवून हसत सुटले. हसताना रडूही आलं, का ते माहीत नाही.

धाकटी हसली नाही. ती रेघेकडेच बघत होती. म्हणाली, "माझा डोंगर दहा-वीस वर्षांतून एकदा नीट हलतो. तेवढ्यावर आम्ही भांडत बसतो. तुमच्याकडे हे रोज होतंय, आणि तुम्ही फेकून देताय?" तिच्या डोळ्यांत भूक होती. तिच्या शास्त्रातल्या एका जुन्या भांडणाचा निकाल आमच्या कचऱ्यात पडलाय म्हणे. कोणतं भांडण, तेही तिने समजावलं, आणि गंमत म्हणजे मला समजलं. चहा दोनदा गार झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही बाई मला आवडली. खरंच आवडली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांच्या खोलीत गेले. रेघ टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी रेघ पाहिलीच नाही. "आपला डेटा बाहेरच्या बाईला दाखवलास?"

"बाहेरची नाही, माझी धाकटी जाऊ आहे."

त्याने प्रकरण आणखी चिघळलं. मग बरंच काही. शिस्त. विश्वासघात. दगडधोंडे मोजणाऱ्यांनी आता आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचं का! ज्याचं त्याने करावं.

ज्याचं त्याने! इथेच माझी तार सटकली. म्हटलं, साहेब, पाण्यात पराग थरथरताना पाहिले ते एका वनस्पतीवाल्याने. त्याला कळेना का थरथरतात. त्या थरथरीवरूनच पुढे आपण अणू आहेत हे सिद्ध केलं. त्याने तेव्हा "माझं मी बघतो" म्हणून झाकण लावलं असतं तर? उष्णतेचा हिशोब मांडला तो बिअर बनवणाऱ्याने. गरम देशात खलाशांचं रक्त जास्त लाल का, म्हणून एका जहाजावरचा डॉक्टर विचारात पडला, आणि तिथून ऊर्जेच्या नियमापर्यंत गेला. आपल्या घरातली निम्मी भांडी शेजाऱ्यांची आहेत. आणि आज शेजारीण दारात आली तर आपण कडी लावायची?

एका दमात बोलले. एवढं बोलता येतं मला, हे मलाही माहीत नव्हतं.

साहेबांनी रेघेचा कागद न बघताच माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "मी या वर्षअखेर निवृत्त होतोय." बस, एवढंच. आवाज अगदी हळू.

वाईट वाटलं. माझ्या पहिल्या यंत्राला पहिला स्क्रू कसा लावायचा ते त्यांनी हात धरून शिकवलंय. त्यांचं सगळं आयुष्य या कणाच्या वाटेवर गेलं. पण म्हणून चिमट्याला कण म्हणायचं? नाही म्हणणार. सही नाही म्हणजे नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंना सांगितलं, नोकरी जाईल कदाचित. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. पण त्याआधी त्या माणसाला ते दगडाचं दाखव. न बघता दिलेला नकार मोजत नाहीत."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गटाची बैठक. साहेबांनी निबंध वाचून दाखवला. सुरेख लिहिलाय, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, कोणाची हरकत?

उभी राहिले. म्हटलं, पीळ बाहेरून वाढवता येतो, सोडवायला मात्र यंत्र उघडावं लागतं, तर गरम करू, चिमटे सैल करू, पुन्हा गार करू आणि ऐकू. ठोके राहिले तर पहिली सही माझी. गेले तर कण नव्हताच. साहेब म्हणाले, त्याला दीड-दोन महिने लागतील, निबंध पाठवायची मुदत टळेल, परिषद हुकेल, तोवर दुसरा गट जाहीर करून मोकळा होईल. मी म्हटलं, काय जाहीर करेल? त्यांचे चिमटे?

कोणी हसलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सही करायची नसेल तर नाव काढू. नाव काढलं तर बोगद्याची किल्लीही ठेवून जा."

ठेवली! टेबलावर, त्यांच्या निबंधाच्या बरोबर मधोमध. आणि बाहेर पडताना दार आपटलं नाही, अगदी अलगद लावलं. याचाच मला जास्त अभिमान वाटतोय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

घरी. कपाट आवरलं. काही आवरलं गेलं नाही. नवरा म्हणतो, चूक तुझी नाही, पण पद्धत? पद्धत! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे माझं. असू दे.

घाबरलेय. इथे लिहायला हरकत नाही. या प्रयोगाबाहेर मला काहीही येत नाही.

२ मार्च, सोमवार

थंडवाला घरी आला! चप्पल दारातच ठेवून उभा. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. त्याने चिमट्यांच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. ज्या ज्या वेळी पीळ वाढवला, त्या त्या आठवड्यात ठोके वाढले. पंपांचा काही संबंध नाही. हे त्याला मागेच दिसायला हवं होतं म्हणाला, पण चिमटे त्याच्या खात्यात आणि ठोके आमच्या खात्यात. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग खाली बघत म्हणाला, "मीही सही नाही केली. साहेबांना सांगून आलोय. तुमच्या जावेला एकदा समोर येऊ द्या, असंही सांगितलं."

आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

१० मार्च, मंगळवार

धाकटी गटासमोर आली. साहेबांनी तिला अर्धा तास दिला. मला किल्ली नव्हती, थंडवाल्याने आत घेतलं. मी मागच्या खुर्चीत.

तिला वाटेत हजार गोष्टी सांगितल्या होत्या, असं बोल, तसं बोल, साहेबांना मान दे. तिने एकही ऐकली नाही. तिने पडद्यावर दोन रेघा लावल्या, नावं झाकलेली, आणि थेट साहेबांकडे वळली. एक तुमचा स्फटिक, एक माझा डोंगर. तुमचा कोणता?

साहेब उठून पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, लावला. खूप वेळ घेतला. मग त्यांनी डावीकडच्या रेघेवर बोट ठेवलं.

तिने नाव उघडलं. डोंगर.

मला वाटलं आता ते चिडतील. ते तिला एक शब्द जरी बोलले असते तर मी सोडलं नसतं. पण ते तिथेच उभे राहिले, बोट रेघेवरच. मग त्यांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागून येणारे विरळ होतात ते नेमके कसे? मोठ्याच्या आधी येणारे असतात का? खोलवरच्या दगडात वेगळं होतं का? अर्धा तास कधीच उलटला. ते विचारतच होते, अगदी पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे. ती सांगत होती. कित्येकदा "हे आम्हालाही माहीत नाही" म्हणाली.

शेवटी ते थंडवाल्याला म्हणाले, "गरम करा."

निबंधाचे कागद गोळा केले आणि निघून गेले. जिंकले मी. मग पेढे का आणावेसे वाटत नाहीत?

११ मार्च, बुधवार

किल्ली परत आली. थंडवाल्याच्या हातून. निरोप काही नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

चिमटे सैल. स्फटिक नुसता टेकवलाय, पाळण्यात ठेवल्यासारखा. यंत्र पुन्हा गार. आठवडाभर ऐकलं.

काहीही नाही. एक टक नाही!

तीन वर्षांचा कण दोन बोटांच्या पिळात गेला. आता यंत्र इतकं शांत आहे की पूर्वी कधी नव्हतं. पूर्वी जे ऐकूच आलं नसतं, तेही आता ऐकू येईल. हे मी सगळ्यांना सांगत फिरले. कोणाला ऐकायचं नव्हतं.

५ मे, मंगळवार

परिषद आज सुरू झाली. आम्ही तिथे नाही.

जेवणाच्या खोलीत माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही. पाठीमागे ऐकू आलं, "हिनेच मारला कण." मारला तर मारला! डबा उचलून मी त्यांच्याच टेबलावर जाऊन बसले आणि सावकाश, चावून चावून जेवले. कण नव्हता तो, चिमटा होता. कितीही जणांनी सह्या केल्या तरी चिमट्याचा कण होत नाही.

धाकटीचं मात्र जोरात आहे. आमच्या फेकलेल्या ठोक्यांवर तिच्याकडे चौघं काम करताहेत. त्यासाठी मोठ्या साहेबांची परवानगी लागत होती. मला वाटलं, आता झालं. त्यांनी त्याच दिवशी दिली म्हणे. माझ्याशी बोलत नाहीत. ऑफिसच्या जिन्यात दिसले तर मान हलवतात, तीही जेमतेम. सवय झाली म्हणते मी सगळ्यांना. नाही झाली.

११ जून, गुरुवार

दुपारी फोन. मोठे साहेब! मार्चनंतर पहिल्यांदा.

"ठोका आलाय. आज सकाळी. एकच."

मी विचारलं, मागून?

"मागून काही नाही. आधी काही नाही. तारा तपासल्या. चिमटे मी स्वतः आकड्यांवरून बघितले, सैल आहेत." धाप लागली होती त्यांना. मग म्हणाले, "गटात कोणाला सांगितलेलं नाही. आधी तुझ्या जावेला घेऊन ये. तिला तो मोडू दे, खोटा ठरवून बघू दे. नाही मोडता आला, तर मग मी कण म्हणेन."

धाकटी जिना उतरतेय.